साखरेचा साबण आणि माझा साळा

माझ्या साळ्याएवढा हट्टी माणूस वैनगंगेच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडेही झाला नाही. ज्याला हे पटत नसेल त्याने आंधळगावला माझ्या घरी यावं, ओट्यावर बसावं आणि अमुक एक माणूस त्याच्याहून हट्टी होता असं माझ्या तोंडावर सांगावं. मी ऐकून घेईन, चहा पाजीन आणि मग त्याला खोटा पाडीन. गावाने माझ्या साळ्याला साखऱ्या मास्तर म्हटलं, येडा म्हटलं. कॉलेजातल्या मोठ्या लोकांनी त्याच्यावर कागद काढले. आणि परवा एका लग्नात एक शहाणा मला म्हणाला, "बुढ्या, तुमच्या साळ्याच्या हातून शेवटी झालं का?" मी तिथे उत्तर दिलं नाही, कारण पंगत बसली होती आणि माझ्या तोंडात भात होता. उत्तर इथे देतो. मी चौथी शिकलेला विणकर, जन्म मागावर गेला. याला शास्त्रातलं काय कळतं असं कोणी म्हणेल तर खुशाल म्हणो. मला जे कळलं ते त्या माणसाने मला जमिनीवर निजवून समजावलेलं आहे, आणि निजून समजलेलं मी विसरत नाही.

तो माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रसायनाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. म्हणजे प्रोफेसराने बोलायचं आणि याने करून दाखवायचं. अंगाने चिपाड, डोळे मोठे, आणि शर्टाच्या खिशात जिथे शिकलेला माणूस पेन लावतो तिथे हा काचेचा ड्रॉपर लावायचा. चहात दूध टाकायचं तर ड्रॉपरने. जेवायला बसला की आधी आळूच्या पानावर पाण्याचा थेंब सोडून तो कसा गोळी होऊन पळतो ते पाहायचा, मग त्याच थेंबात खिशातल्या पुडीतलं काहीबाही बोटाने लावायचा. थेंब पानावर पसरला की याच्या चेहऱ्यावर असं हसू यायचं की दुसऱ्याला मुलगा झाल्यावर येत नाही. तोवर इकडे आमची भाजी थंड. कोणाच्याही घरी गेला की नमस्काराच्या आधी विचारायचा, "अंगाले कोनता साबण लावता?" बाईमाणसालाही विचारायचा. दोन ठिकाणी मार खाता खाता वाचला. त्याचं लग्न झालं नाही तेही यापायीच. साकोलीकडे पोरगी पाहायला आम्ही गेलो होतो. पोरगी देखणी, पोहे चांगले, बाप मालदार. बापाने म्हटलं, विचारा का विचारायचं ते. याने पोरीला साबणाचं नाव विचारलं. तिने लाजत सांगितलं. मग हा पुढे सरकून म्हणतो, "आन फेस किती वेळ टिकते?" पोरीचा बाप उठून उभा राहिला. परत येताना बसमध्ये मी त्याला शिव्या घातल्या तर म्हणाला, "भाऊजी, तिनं उत्तर देल्लं असतं तर मी लगीन केलं असतं."

फेसाशी त्याचं वैर होतं. आमच्याकडे बायका फेसावर साबण पारखतात. जेवढा फेस तेवढा पैसा वसूल. हा म्हणायचा, फेस म्हणजे साबणाची बढाई, काम तर पाण्याच्या आत चालते. ते आत चाललेलं काम पाहण्यासाठी तो माझ्या घरून कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, धाग्याच्या लडी चोरायचा. चोरायचा म्हणजे सांगून न्यायचा, पण मी नाही म्हटलं तरी न्यायचा. लडीला छोटा खिळा बांधून पाण्यात सोडायची आणि ती बुडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचं. साध्या पाण्यात कोसा बुडता बुडत नाही, म्हशीसारखा तरंगत राहतो. पाण्यात साबणासारखं काही असलं की पाणी धाग्यात शिरतं आणि लड खाली जाते. माझी अर्ध्या साडीची लड बुडाली की हा टाळ्या वाजवायचा. मी म्हणायचो, "माझा धंदा बुडाला का तुले आनंद होते का?" तो म्हणायचा, "अठरा सेकंद, भाऊजी!"

हे सगळं येडेपण सुरू कशाने झालं ते मी सांगतो, आणि ते सांगताना माझी लाज झाकत नाही. कोसा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंगलातून येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावरचे कोश आणायचे, ते सोड्याच्या पाण्यात उकडून मऊ करायचे आणि मग त्यांचा धागा काढायचा. हे काम बायकांचं. माझी बायको ते लहानपणापासून करायची, लग्नानंतर माझ्या मागासाठी करायची. सोड्याचं गरम पाणी हात खातं. एका भाऊबिजेला ती याला ओवाळायला बसली आणि कुंकू लावताना बोट पुढे न करता अंगठ्याच्या मागच्या बाजूने लावलं. याने तिचा हात धरला. बोटांच्या पेरापेराला भेगा, एकीतून रक्त येत होतं.

"बाई, हे का हाये?"

"कोश्याचे हात. असेच राहतात. तू बस ना सरळ, निरांजन विझते."

"सोडा सोडून दे."

"सोड्याबिगर कोसा उकडते का रे बाबू? किडा आतून कुलूप लावून गेला, चाबी सोड्याजवळ हाये."

मी तिथेच बसलो होतो. वीस वर्षं मी ते हात रोज पाहत होतो. मलाही वाटायचं, कोश्याचे हात असेच राहतात. सोनं कसं असतं, माती कशी असते, तसे. पाहणं आणि दिसणं यात फरक आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर मी काय केलं? करंजी खाल्ली. साळा मात्र जेवला नाही. पानावरून उठला आणि म्हणाला, "बाई, हात न खाणारी चाबी मी करून देतो." त्या क्षणापासून तो माणूस कामातून गेला, किंवा कामाला लागला. जसं पाहाल तसं.

पहिली दोन वर्षं तो रिठ्याच्या मागे होता. रिठा आमच्या बायका केसाला लावतात, कोश्यालाही वापरतात, पण त्याने धागा काळवंडतो. हा रिठे फोडून, उकळून, गाळून, वाळवून माझ्यापुढे आणायचा आणि सांगायचा, "भाऊजी, रिठ्याच्या डोक्यावर साखर असते."

"साखर हाये तं कडू काहून?"

"शेपूट कडू असते."

"मंग तू रिठाच हायेस. तुह्यी बहीण डोकं आन तू शेपूट."

तो रागावला नाही. उलट ते वहीत लिहून घेतलं. त्याचं म्हणणं असं होतं की साबणाचा प्रत्येक कण डोकं आणि शेपटाचा असतो. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला पाण्याचा वैताग. शेपूट तेलाच्या जातीचं. बाजारच्या साबणाचं डोकं खारं असतं, ते चामडीला चावतं. साखरेचं डोकं चावत नाही. मग आपणच साखरेचं डोकं आणि तेलाचं शेपूट जोडून साबण का करू नये? मी म्हटलं, कर. मला वाटलं शेंडी जोडण्यासारखं असेल.

ते किती पाण्यात किती टाकायचं हे शोधायला त्याने मला धरलं, कारण ताण्याचे धागे मोजून माझी नजर बसलेली होती. मागाजवळ बसून मी त्याच्या ड्रॉपरमधून पडणारे थेंब मोजायचो. ड्रॉपर एका खुणेपर्यंत भरायचा आणि किती थेंबांत रिकामा होतो ते सांगायचं. साध्या पाण्याचे थेंब मोठे, म्हणून कमी. रिठ्याचं पाणी मिसळलं की थेंब बारीक होतात, संख्या वाढते. थोडं अजून मिसळलं की अजून वाढते. आणि मग एका ठिकाणी वाढणं थांबतं. कितीही टाका, तेवढेच थेंब. मला वाटलं मी चुकलो. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले, तेवढेच. माझा साळा उठून माझ्या मागाभोवती नाचला. "भरली पंगत, भाऊजी! पाण्यावरची जागा भरली! आता जे येतील ते आत जाऊन गोल करतील!" माझी बायको चुलीवरून ओरडली, "कोन जेवाले येऊन राहिलं?"

गोल म्हणजे काय ते मला कळलं मोहाडीला, माझ्या पुतण्याच्या लग्नात. भर दुपारी मांडवात अक्षता व्हायच्या होत्या, भटजींचा पत्ता नव्हता, माणसं कंटाळली होती. कोणीतरी छेडलं, "मास्तर, तुमी नेमकं करता का?" बस. याने धोतर-पँट न पाहता आठ बाप्ये जमिनीवर निजवले. त्यात मी, आणि माझा ऐंशीचा मामा.

"भात कापल्यावर खळ्यात राखणीले कसे निजता?" याने विचारलं.

"शेकोटीकडे पाय करून," कोणीतरी म्हणालं.

"तसेच निजा. पाय आत, डोकी बाहेर."

मामा म्हणाला, "अरे मास्तर, अजून मेलो नाई मी. काहून निजवून राहिला?"

"मामा, तुमचं डोकं साखर हाये. डोकं बाहेर ठेवा. बाहेर पाणी हाये, तुमाले ते आवडते. पायाले आवडत नाई."

"मले तं पायाले बी आवडत नाई आन डोक्याले बी नाई. मी आठवड्यातून एकदा आंघोळ करतो."

मांडव हसून हसून वाकला. पण आम्ही खरंच चाकाच्या आऱ्यांसारखे निजलो होतो, पायाला पाय लावून. मग याने कुठून तरी एक चप्पल आणून आमच्या पायांमध्ये टाकली. "हा मळ. तेलकट मळ पाण्यानं निघत नाई, पण पायांच्या जातीचा हाये, म्हणून पायांत येऊन बसते. आता सगळे मिळून सरका." आम्ही आठजण कुल्ल्यावर घसरत मांडवाच्या दारापर्यंत गेलो, चप्पल आमच्या पायांत. "गेला मळ! दोघं-तिघं निजले असते तर गोल झाला नसता, मळ तिथंच राहिला असता. माणसं पुरेशी पाहिजेत. पुरले का गोल आपोआप होते, कोनी सांगावं लागत नाई."

तोवर पोरंटोरं, पाहुणे, सगळे निजायला तयार झाले. मग त्याने पुढचं दाखवलं. गर्दी वाढली की गोल मोडतात, माणसं लांब ओळी धरून निजतात, ओळीला ओळ लागते आणि कोणाला हलता येत नाही. तेव्हा पाण्याची लापशी होते, चमचा उभा राहतो. अजून गर्दी झाली की माणसं चटईसारखे थर करतात. थर एकावरून एक घसरतात, आणि लापशी पुन्हा सैल पडते. जास्त टाकलं की उलट पातळ! हे मला मांडवात खोटं वाटलं. पुढे त्याने वाटीत करून दाखवलं तेव्हा मी वाटी तीनदा उलटी करून पाहिली. मांडवात मात्र थरापर्यंत पोचलो नाही, कारण वरबाप आला आणि आपली चप्पल शोधू लागला.

आता पुढचं ऐका. नागपूरहून त्याने खोबरेल तेलापासून काढलेला कसला तरी मेणचट द्रव आणला, आजाऱ्याला देतात ते ग्लुकोज आणलं, आणि कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबून दोन्ही तासनतास तापवू लागला. डोकं आणि शेपूट जोडायचं काम. साखर जळायची. पहिली कितीतरी भांडी काकवीसारखी काळी झाली. वरिष्ठांनी कागद काढला की कॉलेजच्या गॅसवर घरगुती उद्योग करू नयेत. याने उत्तर लिहिलं की उद्योग घरगुती नाही, आंधळगावचा आहे. तेव्हा कपाटाला कुलूप लागलं. पण कुलूप लागायच्या आधी एक भांडं चांगलं उतरलं होतं. मधाच्या रंगाचं, जळक्या गुळाच्या वासाचं. ते पाण्यात मिसळून त्याने एक बाटली भरली आणि दिवाळीनंतर माझ्या बायकोला आणून दिली. म्हणाला, कोशाच्या भांड्यात सोडा चौथाई टाक आणि याचं एक टोपण टाक. पाणी कोशात लवकर शिरते, सोड्याचं काम कमी पडते. संक्रांतीला येतो, हात पाहतो. जाताना दारातून वळून म्हणाला, "आन गढूळ दिसलं तं वापरू नका."

शिकलेल्या माणसाची हीच खोड. अर्धं सांगतो आणि पुरं सांगितलं असं समजतो.

दीड महिना तिने ते वापरलं. मग पौषात एका सकाळी थंडी अशी पडली की तलावावर वाफ दिसत होती. मी कोनाड्यातली बाटली पाहिली तर आत पांढरं, दाणेदार, फाटल्या दुधासारखं. आमच्या घरात जवसाचं तेल. ते कोणत्याही थंडीत थिजत नाही. साबणाचं पाणी थिजतं हे तर माझ्या बापाने ऐकलं नव्हतं. गढूळ झालं, नासलं, आता हिचे हात जास्तच नासतील, असं मला वाटलं. मी बाटली उकिरड्यावर ओतली. बाटली मात्र चांगली, घट्ट बुचाची होती. राखेने घासली आणि तीत रॉकेल भरलं.

बायकोने पाहिलं तेव्हा बाटलीला रॉकेलचा वास येत होता. संक्रांतीला साळा आला, तिळगूळ घेतला, आणि कोनाड्याकडे पाहून विचारलं, "बाई, बाटली?"

मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "मी फेकली रे बाबू. पांढरी झाली होती. मले वाटलं नासली."

किती वर्षांचं काम होतं ते, आणि पुढचं करायला कपाट बंद. तो खाटेवर बसला. "बाई, नासली नव्हती. थंडी वाजत होती तिले. कोमट पाण्यात ठेवली असती तं पुन्हा पाण्यासारखी साफ झाली असती. शेपटं थंडीत गोठून बसतात, ऊब देल्ली का सुटतात. वेडी हायेस तू." आणि मग तो हसला. रडण्याच्या अलीकडचं हसू असतं ना, तसं. ती पण हसली. मी रॉकेलची बाटली पाठीमागे धरून उभा होतो.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, खोटं काहून बोलली? ती तीळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्यावर रागावला तं येणं बंद करल. माझ्यावर किती दिस रागावल?"

हट्टी माणूस थांबत नाही. त्याने आता भंडाऱ्याच्या आपल्या खोलीत शेगडी मांडली. काचेच्या नळ्या, जळक्या गुळाचा वास, दारं बंद. शेजाऱ्यांनी ठरवलं की मास्तर मोहफुलाची काढून राहिला. दारू पकडणारा जमादार आला. याने त्याला बसवलं आणि थेंब मोजायला लावले. जमादार तासाभराने बाहेर आला तेव्हा शेजाऱ्यांना म्हणाला, "दारू नाई बावा. दारू असती तं बरं होतं." दोन हिवाळे गेले आणि दुसरी बाटली आली. या खेपेला तिच्यावर कागद डकवलेला होता, गोल अक्षरात: थंडीत पांढरे होते. नासत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवावी. आणि खाली, मोठ्या अक्षरात: बाईने फेकू नये.

माझ्या बायकोला वाचता येत नव्हतं. तिने बाटली माझ्यापुढे धरली, "का लिवलं?" मी वाचलं. शेवटची ओळ गिळायला पाहिली, पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. वाचली. ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. त्यानंतर दर हिवाळ्याच्या तोंडाशी एक बाटली यायची, दर बाटलीवर तीच ओळ, आणि दर वर्षी ती मुद्दाम मला वाचायला लावायची. साळा तिला चिडवायचा, पाहुण्यांना सांगायचा की ही माझी बहीण, हिने विज्ञान उकिरड्यावर फेकलं. ती म्हणायची, "फेकलं तं फेकलं, वांगे चांगले आले उकिरड्यावर." एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून खरं निघालं नाही. आधी भीतीने, मग सवयीने.

आणि तिचे हात? दुसऱ्या हिवाळ्यात भेगा बुजल्या. तिसऱ्यात बोटं अशी झाली की लग्नातल्या बांगड्या हातावरून साबणाशिवाय सरकल्या. सोडा पुरा सुटला नाही, हे खरं ते खरं. पण चौथाईवर आला आणि तिथेच राहिला. याने ते सगळं लिहून नागपूरच्या एका मोठ्या प्रोफेसराला दाखवलं. तो म्हणाला, "एका बाईच्या हातावरून काही सिद्ध होत नाही. नमुने किती?" हा म्हणाला, "दोन. डावा आन उजवा." पुढचं शिकायचं त्याच्या मनात होतं, ते तिथेच संपलं. पुढे कधीतरी बातमी आली की परदेशात कारखान्यात असाच साखरेचा साबण करून राहिले. मला वाटलं हा खचेल. हा तर पेढे घेऊन आला. "बाई, आपलं बराबर होतं!" म्हणाला. लोक म्हणाले, पाहा, दुसऱ्यांनी केलं, हा राहिला. माझं त्या लोकांना आणि त्या पंगतीतल्या शहाण्याला सांगणं असं, की त्याने कारखान्यासाठी सुरू केलंच नव्हतं. त्याने एका बाईच्या हातांसाठी सुरू केलं आणि ते हात बरे केले. दहा-अकरा हिवाळे बरे ठेवले. मी नवरा असून मला ते जमलं नाही. ज्याच्या हातून एवढंही झालं नसेल त्याने पंगतीत तोंड फक्त भातासाठी उघडावं.

ती मागच्या वर्षी गेली. ताप आला, चार दिवस राहिला, गेली. तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून तिच्या भावाबद्दल लिहितो आहे. तेरवीचं जेवण उरकलं, माणसं पांगली. हा कोनाड्यापाशी गेला, अर्धी राहिलेली बाटली हातात घेतली, कागद पाहिला, आणि म्हणाला, "आता कोन फेकते?"

मी म्हणालो, "तेव्हा बी तिनं नव्हती फेकली. मी फेकली होती."

तो वळला. मला वाटलं त्याला ते माहीत असेल, एवढा हुशार माणूस. माहीत नव्हतं. त्याचा चेहरा पांढरा झाला. "इतकी वर्सं मी तिले वेडी म्हणलो, चार लोकांत म्हणलो. आन तुमी बसून ऐकत होते?"

"हो."

"तोंड नव्हतं का तुमाले?"

"नव्हतं."

बाटली त्याने जागेवर ठेवली. हळूच ठेवली, ते मला आदळण्याहून जास्त लागलं. पिशवी उचलली आणि बस स्टँडकडे चालू लागला. मी ओट्यावरून पाहत होतो. तो दिसेनासा झाला तेव्हा मला तिचे शब्द आठवले, आणि वाटलं की झालं, आता हा यायचा नाही. ती होती तोवर तिने तो धागा तुटू दिला नाही, आणि मी तेरा दिवसांत तोडला. पत्र लिहायला बसलो. "रागावू नको" एवढं लिहिलं. फाडलं. रागावणं त्याचा हक्क होता.

तीन महिने गेले. मग एका बाजारच्या दिवशी तो आला आणि आत न येता ओट्यावर बसला. मी पाणी दिलं. प्याला नाही.

"बाईनं तुमचं पाप आपल्यावर कायले घेतलं?"

मी त्याला तीळ पाखडतानाचं सांगितलं. ती काय म्हणाली ते.

"हेच शब्द?"

"हेच."

"माझ्यावर किती दिस रागावल, असं म्हणाली?"

"असं म्हणाली."

तो रस्त्याकडे पाहत बसला. नजर न वळवता म्हणाला, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. मग तो पाणी प्याला.

तेव्हापासून महिन्यातून एकदा येतो. साबणाचं बोलत नाही. सांगतो, बाईचं काही सांगा. मी सांगतो: ती भांडायची कशी, मागाखाली झोपलेल्या मांजरीला काय म्हणायची, तापात काय बोलली. माझ्याजवळचं काही फार नव्हतं. मागावर बसलेल्या माणसाची बायकोकडे पाठ असते. मागच्या खेपेला ते संपलं. मी तसं सांगून टाकलं, की बावा, आता नाही. मग तोच सांगू लागला, मला जे कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. साकोलीकडचं त्यांचं गाव, तलाव, शिंगाड्याचे दिवस. ती नऊ वर्षांची, हा पाच. आईने सांगितलं होतं, भावाचा हात सोडू नको. याला हात धरलेला चालत नसे. धरला की बसकण मारायचा. म्हणून ती तलावाच्या पाळीवरून सरळ पुढे चालू लागायची, दोन्ही हात रिकामे हलवत, जसं काही तिचं कोणी मागे नाहीच. हा रडायचा, ओरडायचा, आणि मग धावत निघायचा. एकदाही ती मागे वळून पाहत नसे, म्हणे. फक्त आपली पावलं आवाज न करता हळू टाकायची, म्हणजे मागची याची पावलं ऐकू यावीत.